त्रिशतकानंतरचा हजारे

कोवळ्या वयात मोठे यश पदरी पडले म्हणजे खेळाडूची खरी परीक्षा सुरू होते, असे आपण पुष्कळदा म्हणतो. या परीक्षेचा पुरावा इतिहासात शोधू लागलो, की आम्हांला प्रथम विजय हजारे आठवतात. सांगलीत ११ मार्च १९१५ रोजी एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षकी पेशातील पित्याच्या आठ अपत्यांपैकी ते एक. १९३९-४० च्या मोसमात पुण्यात बडोद्याविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये भारतीयाने केलेले ते पहिले त्रिशतक. अशा खेळीनंतर कसोटी संघाचे दार उघडावे. परंतु उघडायला दारच नव्हते. १९३६ नंतर भारताचा कसोटी सामना थेट १९४६ मध्ये झाला, मधली वर्षे महायुद्धाने गिळली. पंचविशीतल्या फलंदाजाने हा काळ कसा काढावा?

हजाऱ्यांनी तो धावा करीत काढला. त्या काळी मुंबईत पंचरंगी सामने होत. हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन या संघांच्या जोडीला १९३७ पासून ‘शेष’ नावाचा पाचवा संघ आला. भारतीय ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन आदी उरलेल्यांची ही मोट! धर्मावर बेतलेल्या या क्रिकेटला गांधीजींनी १९४० साली विरोध दर्शविला, आणि तो योग्यच होता असे आम्हांस वाटते. तरीही आपल्या समाजाचा एक तरुण त्याच मैदानावर देशाच्या नजरेत भरला, ही गोष्ट कशी विसरावी? १९४३ च्या स्पर्धेत हजाऱ्यांनी मुसलमान संघाविरुद्ध २४८ धावा केल्या. अंतिम सामन्यात विजय मर्चंट यांनी हिंदू संघासाठी नाबाद २५० करून तो आकडा ओलांडला. शेष संघ १३३ धावांत गडगडला, फॉलोऑन आला, आणि मग हजारे उभे राहिले. संघाच्या ३८७ धावांत त्यांच्या एकट्याच्या ३०९. सहाव्या गड्यासाठी धाकट्या विवेकबरोबर ३०० धावांची भागी झाली, तीत विवेकचा वाटा केवळ २१. त्या एकवीस धावांचे मोल कोणी करीत नाही, पण टोक सांभाळणारा तो भाऊ नसता तर ३०९ झाल्या असत्या काय? सामना मात्र डाव आणि ६१ धावांनी गेला.

जून १९४६ मध्ये लॉर्ड्सवर त्यांनी कसोटीत पदार्पण केले, तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. पुढल्या मार्चमध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून त्यांनी होळकर संघाविरुद्ध २८८ धावा केल्या आणि गुल महंमद यांच्यासह ५७७ धावांची भागी रचली. कोणत्याही गड्यासाठीचा हा जागतिक विक्रम २००६ पर्यंत टिकला.

मात्र आमच्या मते त्यांची खरी उंची दिसते ती ॲडलेडला, जानेवारी १९४८ मध्ये. ब्रॅडमन २०१, हॅसेट नाबाद १९८, ऑस्ट्रेलियाच्या ६७४. भारताच्या ३८१ मध्ये हजारे ११६ आणि दत्तू फडकर १२३. फॉलोऑननंतर लिंडवॉलच्या माऱ्यापुढे सहा जण भोपळा न फोडता परतले, तरी एका टोकाला हजारे तसेच खेळत राहिले. त्या डावातील २७७ पैकी १४५ त्यांच्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. पहिले शतक झाले म्हणून दुसऱ्या डावात त्यांची नजर सैल पडली नाही. धावफलकाकडे न पाहता समोर येणाऱ्या चेंडूकडे पाहण्याची ही सवय पुण्याच्या त्रिशतकापासून आठ वर्षे मुरत आली होती.

पुढे कर्णधारपद आले. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडला नमवून भारताने पहिला कसोटी विजय मिळविला, तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. या जबाबदारीने त्यांची फलंदाजी दबली, असे मर्चंट यांच्यासह अनेकांचे मत होते. त्याच वर्षी जूनमध्ये लीड्स येथे भारताचे चार गडी शून्य धावसंख्येवर बाद झाले, तेव्हा सदतीस वर्षांचे हजारे मैदानात उतरले. त्यांनी ५६ धावा केल्या आणि फडकरांसोबत सहाव्या गड्यासाठी १०५ जोडल्या. सामना इंग्लंडने सात गडी राखून जिंकला.