फिलिप किर्कोरोव : झगमगाट आणि माफीनामे

रशियन पॉप संगीतातील हे सर्वांत भपकेबाज नाव मूळचे रशियातले नव्हे. फिलिप किर्कोरोव यांचा जन्म ३० एप्रिल १९६७ रोजी बल्गेरियातील वार्ना येथे झाला. वडील बेद्रोस आर्मेनियन वंशाचे बल्गेरियन गायक. मॉस्कोच्या ग्नेसिन संगीत विद्यालयात शिकलेल्या फिलिप यांनी १९९४ मध्ये आपल्याहून १८ वर्षांनी मोठ्या, सोव्हिएत काळापासून लोकप्रिय असलेल्या गायिका अल्ला पुगाचोवा यांच्याशी विवाह केला. घराघरांत चर्चिला गेलेला हा संसार २००५ मध्ये संपला.

पिसे, चमचमते पोशाख आणि भव्य नेपथ्य ही त्यांची ओळख. मात्र १९९५ च्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत ते १७ वे आले. तेथे त्यांना यश मिळाले ते संगीतकार म्हणून. त्यांचा सहभाग असलेल्या गीतांमुळे २००८ मध्ये युक्रेनची आनी लोराक दुसरी, तर २०१६ मध्ये रशियाचा सर्गेई लाझारेव्ह तिसरा आला.

२००४ मध्ये रोस्तोव येथील पत्रकार परिषदेत महिला पत्रकाराला शिवीगाळ केल्याबद्दल न्यायालयाने त्यांना ६० हजार रुबल दंड ठोठावला. तरीही २००८ मध्ये ‘रशियाचे लोककलावंत’ हा सर्वोच्च किताब मिळालाच! डिसेंबर २०२३ मध्ये मात्र काळ बदलला होता. युक्रेन युद्ध सुरू असताना मॉस्कोतील ‘अर्धनग्न’ मेजवानीला जाळीदार पोशाखात गेल्याने गदारोळ उठला आणि ज्या भडकपणावर कारकीर्द उभी राहिली, त्याबद्दलच त्यांना चित्रफितीद्वारे जाहीर माफी मागावी लागली.