हार्मन यांचें मत आणि रिओ ग्रांडेचें पाणी

ओढ्यावर वरच्या शेतकऱ्यानें बांध घातला कीं खालच्याचा मळा वाळतो आणि तंटा चावडीवर जातो. परंतु हे दोघे जेव्हां दोन स्वतंत्र राष्ट्रांचे प्रजाजन असतात, तेव्हां निवाडा कोणत्या कायद्यानें व्हावा?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रश्न उत्तर अमेरिकेंत उभा राहिला. रिओ ग्रांडे नदी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील डोंगरांत उगम पावते आणि एल् पासो शहरापासून पुढें मेक्सिकोची सरहद्द बनते. वरच्या वसाहतवाल्यांनीं पाट काढून पाणी वळविलें, तेव्हां पैलतीरावरील हुआरेझ येथील जुने मळे कोरडे पडूं लागले. मेक्सिकोनें तक्रार केली. तिच्यावर संयुक्त संस्थानांचे अ‍ॅटर्नी-जनरल जडसन हार्मन यांनीं १८९५ च्या डिसेंबरांत मत दिलें कीं, प्रत्येक राष्ट्र आपल्या हद्दींत सर्वसत्ताधीश आहे. सबब खालच्या राष्ट्राकरितां पाणी सोडण्याचें बंधन आंतरराष्ट्रीय कायदा त्याजवर घालीत नाहीं.

मत निःसंदिग्ध होतें. पण तेवढ्यानें शेजार निभत नाहीं. १९०६ सालीं त्याच सरकारनें मेक्सिकोशीं करार करून दरसाल ६०,००० एकर-फूट पाणी विनामूल्य देण्याचें कबूल केलें. एक एकर जमिनीवर एक फूट उभें राहील तें पाणी म्हणजे एक एकर-फूट. यामुळें मेक्सिकोचा कायदेशीर हक्क मात्र मान्य होत नाहीं, अशी पुस्तीही करारांत जोडण्यांत आली.

पुढें भूगोलानेंच हार्मन यांच्या मताची उलट बाजू दाखविली. सरहद्दीवर रिओ ग्रांडेस मिळणारी काँचोस नदी मेक्सिकोंतून येते. तेथें मेक्सिको वरचा आणि टेक्ससचा शेतकरी खालचा! म्हणून १९४४ च्या तहानें देवघेव ठरली. कॉलोरॅडो नदीचें वार्षिक १५ लाख एकर-फूट पाणी मेक्सिकोस, आणि मेक्सिकोंतील ठराविक उपनद्यांचा तिसरा हिस्सा, सरासरीनें वर्षास किमान साडेतीन लाख एकर-फूट, संयुक्त संस्थानांस.

तंटे त्यानेंही मिटले नाहींत. अवर्षणांत मेक्सिकोकडे पाण्याची बाकी थकली व टेक्ससमध्यें ओरड झाली. परंतु भांडण आतां हिशेबाचें उरलें, हक्काच्या अस्तित्वाचें नव्हे. १९९७ सालीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनें संमत केलेल्या आणि २०१४ पासून अंमलांत आलेल्या करारांत 'न्याय्य व वाजवी वापर' हेंच तत्त्व नमूद आहे. वरच्यानें खालच्याचा विचार करावा, हा चावडीवरचा जुना न्याय राष्ट्रांच्या कायद्यांत यावयास शंभर वर्षे लागलीं.