साहेबाची बंदूक, पारध्याचा फास : दख्खनच्या माळरानावरील शिकारीचा इतिहास

१/१२
तत्कालीन अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात १८०९ ते १८२९ या काळात रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रज शिकाऱ्याने ९६१ माळढोक मारल्याची नोंद आढळते. वर्षाला सरासरी ४८. आज सबंध भारताच्या रानांत उरलेले माळढोक दोनशेच्याही आत आहेत. हा पक्षी कोणी संपवला, या प्रश्नाचे उत्तर मात्र एका बंदुकीपाशी थांबत नाही.

२/१२
प्रथम भूगोल. वसई-विरारच्या किनाऱ्यावर वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेच ढग सह्याद्री ओलांडून सोलापूरला पोहोचेपर्यंत रिते होतात. तेथे ६०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस होतो. या पर्जन्यछायेत दाट अरण्य वाढत नाही. वाढते ते गुडघाभर गवत, मधूनमधून बोरी-बाभळी. हेच दख्खनचे माळरान.

३/१२
हे माळ ओसाड कधीच नव्हते. तितर, लावे, पखुर्ड्या, पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारणारा तणमोर आणि या सर्वांत मोठा माळढोक. सुमारे मीटरभर उंचीचा हा पक्षी. नराचे वजन १५ किलोपर्यंत जाते. मांसासाठी त्याची ख्याती जुनी आहे. बाबरानेही आपल्या आत्मचरित्रात त्याच्या चवीची वाखाणणी केली आहे.

४/१२
हीच थोरवी त्याच्या मुळावर आली. एवढा मोठा पक्षी उघड्या माळावर दुरून दिसतो. त्याची मादी जमिनीवर, उघड्यावर, बहुधा एकच अंडे घालते. लाव्यांची संख्या एका चांगल्या पावसाळ्यात भरून निघते. माळढोकाची हानी भरून येण्यास वर्षानुवर्षे लागतात.

५/१२
या माळावरचे जुने शिकारी म्हणजे फासेपारधी. घोड्याच्या केसांचे फास, पाळीव तितराची साद, शिकवलेल्या गाई-बैलाचा आडोसा, ही त्यांची साधने. शिकार हे त्यांचे पोट होते. पक्ष्याची चाल, चरण्याची वेळ, अंड्यांचा हंगाम यांचे त्यांना पिढीजात ज्ञान होते. ते पुस्तकात कोठेही लिहिलेले नव्हते.

६/१२
कंपनी सरकारबरोबर दुसरा शिकारी आला. त्याच्यासाठी शिकार हा छंद होता आणि मोजदाद हा त्या छंदाचा भाग. याच अधिकारीवर्गातून अभ्यासकही निघाले. मुंबई सैन्यातील विल्यम साइक्स यांनी १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची सूची प्रसिद्ध केली. ह्यूम आणि मार्शल यांचा भारतातील शिकारीच्या पक्ष्यांवरील त्रिखंडी ग्रंथ १८७९ ते १८८१ या काळात निघाला. पक्ष्यांचा अभ्यास आणि पक्ष्यांची शिकार अनेकदा एकाच हातून होत होती.

७/१२
त्याच काळात जमिनीचा हिशेबही बदलत होता. १८३६च्या सुमारास विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी रयतवारी मोजणी सुरू केली. सारा उतरला, तसा शेतकऱ्याने पडीत माळ नांगराखाली आणला. दुष्काळाने गांजलेल्या रयतेला तो मोठा दिलासा होता. मात्र सरकारी दप्तरात ज्यातून सारा येत नाही असे गवत ‘पडीक’ ठरले, आणि तो शब्द पुढे टिकून राहिला.

८/१२
एका वर्षाच्या अंतराने झालेले दोन कायदे शेजारी ठेवून वाचावेत. १९१२च्या कायद्याने माळढोक, तणमोर, तितर, लावे यांच्यासाठी शिकारबंदीचे हंगाम ठरवण्याची सोय केली. इतर वेळी बंदुकीला मोकळीक राहिली. १९११च्या गुन्हेगार जमाती कायद्याची झळ मात्र पारध्यांना बारमाही बसली. हजेरी, दाखले, आणि सोलापुरात तारेच्या कुंपणातली ‘सेटलमेंट’. पक्ष्याला काही महिने अभय मिळाले. पारध्याला एकही दिवस नाही.

९/१२
हा कायदा १९५२ साली रद्द झाला. तोवर माळावर जीपगाडी आली होती. घोड्यावरून किंवा पायी गाठण्यास कठीण असलेला माळढोक आता गाडीतून, रात्री दिव्याच्या झोतात मारता येऊ लागला. या शिकारीत देशी हौशी मंडळीही मागे नव्हती. डॉ. सालिम अली यांनी माळढोकाला राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळावा असा आग्रह धरला होता. १९६३ साली तो मान मोराला मिळाला.

१०/१२
१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने माळढोकाची शिकार पूर्ण बंद केली. १९७९ साली सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. पारध्यांचा फास आता सर्वार्थाने बेकायदा ठरला. त्याच्या जागी दुसरी उपजीविका बहुतेकांना मिळाली नाही.

११/१२
बंदूक थांबली, तरी पक्षी वाढला नाही. १९८०मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि कोरड्या शिवारात ऊस उभा राहिला. ‘पडीक’ माळ हिरवे करावेत म्हणून गवतात झाडे लावली गेली. उघड्या माळाची सवय असलेल्या माळढोकाला ती मानवली नाहीत. समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी विजेच्या तारांवरही आदळू लागला. अभयारण्याचे क्षेत्र पुढे सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. २०११ साली माळढोक ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून जाहीर झाला.

१२/१२
मॅन्सफील्डचा ९६१ हा आकडा टिकला, कारण मारणाऱ्यापाशी लेखणी होती. पारध्याने किती पक्षी धरले आणि किती सोडले, हे कोणी लिहून ठेवले नाही. तरीही गुन्हेगाराचा शिक्का त्याच्यावर बसला. आणि पक्ष्याच्या शेवटच्या आश्रयाची, गवताची नोंद तर दप्तराने निरुपयोगी म्हणूनच केली. आज नान्नजच्या माळावर माळढोक दिसला तर ती बातमी होते. इतिहासाच्या अभ्यासकाने पुढच्या वेळी जुन्या सातबाऱ्यावर ‘पडीक’ हा शेरा वाचला, तर तेथे पूर्वी कोण राहत होते, हा प्रश्न अवश्य विचारावा.