मिडी मॅपिंग म्हणजे काय? कंट्रोलरच्या नॉबला काम कसं नेमून द्यायचं

छोटा यूएसबी कीबोर्ड घेतला, लॅपटॉपला जोडला, सूर वाजले. मग त्यावरचे आठ नॉब फिरवून पाहिले, तर स्क्रीनवर काहीच हललं नाही. कीबोर्ड खराब निघाला का? बहुतेक वेळा नाही. त्या नॉबने काय करायचं हे सॉफ्टवेअरला अजून कुणी सांगितलेलंच नसतं. हे सांगण्याच्या कामाला मिडी मॅपिंग म्हणतात. पाच मिनिटांचं काम आहे, पण आत काय चालतं ते माहीत नसेल तर ऐन रेकॉर्डिंगच्या वेळी फटका बसतो. मला बसलाय, तो किस्सा पुढे येईलच.

नॉब नेमकं काय पाठवतो?

मिडीच्या केबलमधून आवाज जात नाही, फक्त आकडे जातात. तुम्ही नॉब फिरवला की कंट्रोलर तीन गोष्टी पाठवतो:

- चॅनल: १ ते १६ पैकी एक
- कंट्रोल नंबर, म्हणजेच सीसी नंबर: ० ते १२७
- किंमत: ही पण ० ते १२७

म्हणजे मेसेज असा असतो: 'चॅनल १, सीसी २१, किंमत ६४'. हा व्हॉल्यूम आहे की रिव्हर्ब, असं त्यात कुठेच नसतं. घरातल्या स्विचबोर्डसारखं समजा. बटणाला पंखा माहीत नसतो. मागची वायर जिथे जोडलीय, ते चालू होतं. मॅपिंग म्हणजे ती मागची वायर जोडणं.

काही नंबरांची कामं मात्र ठरलेली आहेत आणि बहुतेक सॉफ्टवेअर वाद्यं ती पाळतात:

- सीसी १: मॉड्युलेशन व्हील
- सीसी ७: व्हॉल्यूम
- सीसी १०: पॅन, म्हणजे आवाज डावीकडे की उजवीकडे
- सीसी ११: एक्स्प्रेशन
- सीसी ६४: सस्टेन पेडल (६३ पर्यंत बंद, ६४ पासून चालू)

२० ते ३१ आणि १०२ ते ११९ या नंबरांना ठरलेलं काम नाही. स्वतःचं मॅपिंग करायला हे सगळ्यात सुरक्षित. १२० ते १२७ मात्र 'सगळे सूर बंद करा' अशा खास आज्ञांसाठी राखीव आहेत, तिकडे जाऊ नका.

ही पद्धत जुनी आहे. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर मिडीने जोडून दाखवले गेले. मिडीच्या कामासाठी डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळाला. तुमचा आजचा स्वस्त कीबोर्डही तीच भाषा बोलतो.

रीपरमध्ये मॅपिंग, टप्प्याटप्प्याने

उदाहरणासाठी रीपर घेतो, कारण ६० दिवस ते मोफत वापरून पाहता येतं. मेनूची नावं स्क्रीनवर इंग्रजीत दिसतील.

१. प्रेफरन्सेसमध्ये मिडी डिव्हायसेसच्या यादीत तुमचा कीबोर्ड शोधा. इथे दोन गोष्टी वेगवेगळ्या चालू कराव्या लागतात: एक नेहमीचा इनपुट, दुसरा कंट्रोल मेसेजसाठीचा इनपुट. सूर वाजतात पण प्ले-रेकॉर्डसारख्या कामांना नेमलेलं बटण चालत नाही, तेव्हा बहुतेकदा दुसरा बंद असतो.

२. प्लगइनची खिडकी उघडा आणि जो नॉब हवा तो माऊसने थोडासा हलवा, म्हणजे रीपरला कळतं की कशाबद्दल बोलतोय.

३. त्याच खिडकीतल्या 'पॅराम' बटणावर क्लिक करून 'लर्न' निवडा.

४. आता कीबोर्डवरचा खरा नॉब फिरवा. चौकटीत चॅनल आणि सीसी नंबर आपोआप येतो.

५. 'सॉफ्ट टेकओव्हर'वर टिक करा (कारण पुढे सांगतो) आणि ओके म्हणा.

रेकॉर्ड, प्ले, स्टॉप अशी कामं बटणाला द्यायची असतील तर अॅक्शन लिस्ट उघडा, 'ट्रान्सपोर्ट: रेकॉर्ड' शोधा, शॉर्टकट जोडायचं बटण दाबा आणि कीबोर्डवरचं पॅड दाबा. झालं.

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रस्ता वेगळा, तत्त्व तेच. एबलटन लाइव्हमध्ये मिडी सेटिंग्जमध्ये तुमच्या कंट्रोलरसमोरचा 'रिमोट' चालू करा. मग कंट्रोल आणि एम एकत्र दाबा (मॅकवर कमांड आणि एम), स्क्रीनवरच्या गोष्टीवर क्लिक करा, नॉब फिरवा आणि पुन्हा तेच दाबून बाहेर या. एफएल स्टुडिओमध्ये स्क्रीनवरच्या नॉबवर राइट क्लिक करून 'लिंक टू कंट्रोलर' निवडा आणि खरा नॉब फिरवा.

आवाज एकदम उडी का मारतो?

समजा स्क्रीनवर व्हॉल्यूम ३० वर आहे, पण तुमचा खरा नॉब कालच्या कामामुळे ११० वर राहिलाय. तुम्ही तो जरासा हलवलात की तो '१११' पाठवतो आणि व्हॉल्यूम क्षणात ३० वरून १११ वर जातो. कानात हेडफोन असतील तर हे नुसतं त्रासदायक नाही, कानांना धोक्याचं आहे.

यावर तीन उपाय आहेत:

- सॉफ्ट टेकओव्हर किंवा पिकअप: खरा नॉब स्क्रीनवरच्या जागी पोचेपर्यंत सॉफ्टवेअर त्याच्याकडे दुर्लक्ष करतं. रीपर, लाइव्ह, एफएल स्टुडिओ, तिन्हींत ही सोय आहे.
- न थांबता गोल फिरणारा एन्कोडर: हा रिलेटिव्ह मोडमध्ये जागा सांगत नाही, 'एक पाऊल पुढे, एक मागे' एवढंच सांगतो. त्यामुळे उडीचा प्रश्नच येत नाही.
- मर्यादा: लाइव्हमध्ये मॅपिंगला किमान आणि कमाल किंमत देता येते. व्हॉल्यूमची कमाल आधीच कमी करून ठेवा.

माझा नियम साधा आहे: मास्टर व्हॉल्यूम कुठल्याच नॉबला द्यायचा नाही.

माझी चूक: पेडल आणि रेकॉर्ड

एकदा मी एकटाच गिटार रेकॉर्ड करत होतो. दोन्ही हात अडकलेले, म्हणून सस्टेन पेडलला रेकॉर्डचं काम दिलं. पायाने दाबलं की सुरू, परत दाबलं की बंद. मस्त चाललं, आणि मी ते विसरून गेलो.

पुढच्या रविवारी एक मित्र पियानो वाजवायला आला. रात्रीच्या गाडीने तो नोकरीसाठी गाव सोडणार होता. चार मिनिटांचा तुकडा त्याने एका दमात, अप्रतिम वाजवला. क्लिक लावलेला नव्हता, स्क्रीनकडे कुणाचं लक्ष नव्हतं आणि हेडफोनमध्ये पियानो नीट ऐकू येत होता. संपल्यावर पाहिलं तर ट्रॅकवर नुसते तुकडे. त्याने सवयीने पेडल दाबलं की रेकॉर्डिंग बंद, परत दाबलं की चालू. पुन्हा वाजवायला वेळ नव्हता.

सॉफ्टवेअरने काहीच चुकीचं केलं नव्हतं. सीसी ६४ आला की रेकॉर्ड, असं मीच सांगितलं होतं. पाय गिटारवाल्याचा की पियानोवाल्याचा, हे त्या आकड्यात नसतं. तेव्हापासून वाद्याला लागणारे नंबर (१, ७, १०, ११, ६४) मी दुसऱ्या कामाला देत नाही, आणि कंट्रोलसाठीची पॅड्स चॅनल १६ वर ठेवतो.

फोनचा उपयोग होतो का?

होतो. टचओएससीसारखं अॅप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. त्यात स्क्रीनवर फेडर, नॉब, बटणं मांडता येतात आणि ती लॅपटॉपला मिडी मेसेज पाठवतात. मॅपिंगची पद्धत वरचीच. उलट दिशेने, अँड्रॉइड ६ पासून फोनमध्येच मिडीची सोय आहे, त्यामुळे ओटीजी अॅडॅप्टर लावून कीबोर्ड बऱ्याच फोनना थेट जोडता येतो.

चालत नसेल तर आधी हे बघा

- केबल फक्त चार्जिंगची तर नाही ना? तिच्यातून डेटा जातच नाही.
- दुसरं एखादं म्युझिक अॅप उघडं आहे का? विंडोजवर बऱ्याचदा एक अॅप कंट्रोलर अडवून बसतं.
- कीबोर्डचं बँक किंवा प्रीसेट बटण चुकून दाबलं गेलं का? मग तोच नॉब वेगळा नंबर पाठवतो.
- एका नॉबने दोन गोष्टी हलतायत? तोच नंबर दोन ठिकाणी जोडलाय. जुनी जोडणी काढा.

शेवटचं काम कागदावरचं: कुठला नॉब, कुठला नंबर, काय काम, हे लिहून कीबोर्डशेजारी चिकटवा. आणि दुसरं कुणी वाजवायला बसण्याआधी तो कागद एकदा वाचा.