आदत
कर्जतकडे बैल घेताना जन्मतारीख कोण विचारतो? खालचा ओठ दाबून दात पाहतात. ‘आदत’ म्हणजे अदंत, दात नसलेला. पण आदत खोंडाच्या खालच्या जबड्यात पुढे 8 दुधाचे दात असतातच! शेतकरी मोजतो ते कायमचे दात. साधारण 2 वर्षांनी मधली दुधाची जोडी पडते, तिथे रुंद जोडी येते आणि खोंड ‘दोनदाती’ होतो. पुढे चारदाती, सहादाती. आठही आले की ‘जुळला’. आयुर्वेदात दात येण्याला ‘दंतोद्भेद’ म्हणतात. गोठ्याने त्याचा प्रत्येक टप्पा एकेका शब्दात बांधला. संस्कृत ‘दंत’ झिजून ‘दात’ झाला, ‘दंष्ट्रा’ प्राकृतात ‘दाढा’ होऊन मराठीत ‘दाढ’ झाली. ‘आदत’ही त्याच घरातला. तो पुढच्या पिढीच्या तोंडी राहायला हवा.