कुलूप चोराला किती वेळ अडवते?

परभणी, सेलू किंवा गंगाखेडच्या रेल्वे स्थानकाबाहेर सकाळी पाहिले, तर मोटारसायकलींची रांग उभी दिसते. रोज ये-जा करणारे शिक्षक, कारकून, विद्यार्थी गाडी तिथे लावतात आणि आगगाडी पकडतात. संध्याकाळपर्यंत त्या गाड्यांना राखण असते ती फक्त हँडलच्या कुलपाची. गाडी गेली तर कर्जाचे हप्ते चालूच राहतात, पण शाळेची, दवाखान्याची, शेताची वाट मात्र अडते. म्हणून कुलूप कोणते घ्यावे, हा प्रश्न केवळ दुकानदारावर सोडण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शोधताना कुलपाचा इतिहास फार उपयोगी पडतो.

मराठवाड्यातील जुन्या वाड्यांच्या दाराला आतून लाकडी अडसर असे. भिंतीतल्या पोकळीतून तो ओढून आडवा केला की दार पक्के बसे. पण अडसर आतूनच लावता येतो. घरातील सर्व माणसे बाहेर गेली तर? प्राचीन इजिप्तमधील सुतारांनी हजारो वर्षांपूर्वी यावर तोड काढली. अडसराला भोके पाडायची आणि वरून लाकडी खुंट्या त्यांत पडतील अशी व्यवस्था करायची. दाते असलेली किल्ली आत घालून उचलली की खुंट्या वर जात आणि अडसर सरकत असे. १८६०च्या दशकात अमेरिकेतील धाकट्या लायनस येल यांनी हीच कल्पना धातूच्या छोट्या नळकांड्यात बसवली. आज दारांना असणारी कितीतरी कुलपे याच जातीची आहेत.

दुसरी जात तरफांच्या कुलपांची. १७७८ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरन यांनी असे कुलूप केले, की त्यातील प्रत्येक तरफ नेमक्या उंचीवर उचलावी लागे. कमी उचलली तर उघडत नाही आणि जास्त उचलली तरीही नाही. आपल्याकडील कुलपांवर ‘६ लिव्हर’ असे कोरलेले असते, त्याचा अर्थ हाच. प्रत्येक तरफेच्या पाच उंची शक्य आहेत असे धरले, तर सहा तरफांच्या किल्ल्या किती प्रकारच्या होतील? पाचचा सहावा घात, म्हणजे १५,६२५. आठवी-नववीच्या वर्गात घाताचे हे उदाहरण जरूर द्यावे.

मात्र संख्या मोठी असली म्हणजे कुलूप अभेद्य झाले, असे नाही. लंडनमध्ये जोसेफ ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत त्यांचे कुलूप ठेवलेले असे आणि ते किल्लीशिवाय उघडणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस जाहीर केले होते. अनेक दशके ते कोणाला मिळाले नाही. १८५१ साली लंडनला भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी आल्फ्रेड हॉब्स हे अमेरिकन कारागीर आले. चब कंपनीचे नावाजलेले कुलूप त्यांनी सुमारे २५ मिनिटांत उघडले. ब्रामांच्या कुलपाला मात्र १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. लोक हादरले. अशा उणिवा उघड केल्या तर चोरांचे फावेल, अशी ओरड झाली. त्यावर हॉब्स यांचे म्हणणे असे, की चोरांना त्या आधीच ठाऊक असतात, अंधारात असतो तो गिऱ्हाईक. या वादानंतर कुलपे सुधारली. परीक्षेला न घाबरणारी वस्तूच विश्वासाची ठरते, हे विज्ञानाचेच तत्त्व इथे दिसते.

या घटनेतून आणखी एक गोष्ट कळते. ‘कुलूप उघडते का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘किती वेळात उघडते?’ हा खरा प्रश्न. २५ मिनिटे आणि ५१ तास यांत जो फरक आहे, तीच कुलपाची किंमत.

महाराष्ट्रात या विद्येचा पाया १८९७ साली घातला गेला. वकिली सोडलेले अर्देशर गोदरेज यांचा शस्त्रक्रियेची उपकरणे बनवण्याचा उद्योग चालला नव्हता. त्यांनी मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला आणि देशी कुलूपही भरवशाचे असू शकते, हे दाखवून दिले.

पण घर जागचे हलत नाही, गाडी हलते. दाराचे कुलूप तोडून चोराला आत शिरावे लागते. इथे तर कुलूप लावलेली वस्तूच चोरून न्यायची असते. हँडलच्या कुलपात किल्ली फिरवली की एक छोटा दांडा गाडीच्या मानेतल्या खाचेत जातो. आता तरफेचे गणित पाहा. हँडलचे टोक आसापासून ३५ सेंटिमीटरवर आणि दांडा २ सेंटिमीटरवर आहे असे समजा. टोकाशी लावलेले बल दांड्यावर साडेसतरा पट होऊन पडते. म्हणून एकट्या हँडल कुलपावर विसंबू नये. चाकाला दुसरे कुलूप हवे, कारण ते उघडायला वेगळे हत्यार आणि आणखी वेळ लागतो.

डिस्क ब्रेक असलेल्या गाडीला डिस्कचे कुलूप पटकन लावता येते. मात्र ते विसरून गाडी सुरू केली तर माणूस पडतो. त्यासाठी ठळक रंगाची दोरी त्या कुलपापासून हँडलपर्यंत बांधून ठेवावी. हे कुलूप चाक अडवते, पण दोन-तीन माणसांनी गाडी उचलून टेम्पोत घातली तर त्याचा उपयोग नाही. तिथे साखळी कामाला येते. ती चाकातून आणि सांगाड्यातून घेऊन जमिनीत रोवलेल्या खांबाला बांधावी. साखळी जमिनीवर लोळू देऊ नये, कारण जमीन ऐरणीचे काम करते आणि घाव घालणे सोपे होते. चांगल्या साखळीचे पोलाद बाहेरून कठीण आणि आतून चिवट केलेले असते. नुसते कठीण पोलाद काचेसारखे तडकते, नुसते मऊ पोलाद कापले जाते.

शेवटी जर्मनीचा एक अनुभव सांगितला पाहिजे. पश्चिम जर्मनीत १९८० साली हेल्मेट न घालणाऱ्या मोटारसायकलस्वारांना जागीच दंड होऊ लागला. त्या वर्षी तिथे सुमारे दीड लाख मोटारसायकली चोरीला गेल्या होत्या. १९८६ साली हा आकडा सुमारे ५४ हजारांवर आला. कुलपे तीच होती. पण संधी दिसली म्हणून गाडी पळवणाऱ्याजवळ हेल्मेट नसे आणि तो लगेच नजरेत येई. म्हणजे किती तरी चोऱ्या ठरवून नव्हे, तर सहज जमते म्हणून होत होत्या. असा चोर दुसरे कुलूप दिसताच पुढे जातो. ठरवून आलेल्याला कुलूप फक्त उशीर करू शकते. तो उशीर कामी यावा, म्हणून गाडी वर्दळीच्या, उजेडाच्या जागी लावावी.

शाळेत एखादे निकामी कुलूप आणा, रिव्हेट कापून ते उघडा आणि मुलांना तरफा मोजू द्या. घरची गाडी कुठे आणि कशी लावतात, हे मग मुले स्वतःच तपासू लागतील.