लोंबती मोनोरेल, नगरबांधणी खेळांतील

संगणकावर शहर वसवण्याच्या खेळात, उंच तुळईखाली टांगलेल्या डब्यांतून चालणारी प्रवासी वाहतूक समाविष्ट करण्याची रचना. मोनोरेल म्हणजे एकाच रुळाच्या किंवा तुळईच्या आधाराने धावणारी गाडी. तुळईवर मांड ठोकून धावते ती आरूढ आणि तुळईखाली लटकून धावते ती लोंबती, असे तिचे दोन प्रकार मानले जातात. मुंबईत २०१४ मध्ये वडाळा–चेंबूर मार्गावर सुरू झालेली मोनोरेल आरूढ प्रकारची आहे. लोंबत्या प्रकाराचे सर्वांत जुने चालू उदाहरण जर्मनीतील वुपर्टाल येथे असून १९०१ मध्ये सुरू झालेल्या या १३.३ किमी. मार्गापैकी सुमारे १० किमी. भाग वुपर नदीच्या पात्रावरून जातो.

महाराष्ट्राला जवळचा प्रयोग गोव्यातील. कोकण रेल्वेचे तत्कालीन व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम यांच्या कल्पनेतील ‘स्कायबस’साठी मडगाव येथे १.६ किमी. लांबीचा चाचणीमार्ग उभारण्यात आला. काँक्रीटच्या पोकळ पेटीत दोन रुळांवर चाके फिरत आणि डबा पेटीखाली लोंबत असे. त्यामुळे काटेकोर अर्थाने ती मोनोरेल नव्हती. २५ सप्टेंबर २००४ रोजी चाचणीदरम्यान अपघात होऊन एका कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला आणि पुढे हा प्रकल्प गुंडाळण्यात आला.

खेळांतील प्रवेश : ‘सिमसिटी ४’ या खेळाच्या ‘रश अवर’ या २००३ मधील विस्तारात मोनोरेल आली. फिनलंडच्या कलोसल ऑर्डर या संस्थेने २०१५ मध्ये तयार केलेल्या ‘सिटीज : स्कायलाइन्स’मध्ये ती मे २०१७ च्या ‘मास ट्रान्झिट’ या विस्ताराने फेरीबोटी व केबल कार यांच्यासह दाखल झाली, मात्र ती आरूढ प्रकारची होती. मूळ खेळात नसलेले प्रकार खेळाडू स्वतः घडवून जोडतात आणि अशा जोडण्यांना ‘मॉड’ म्हणतात.

रचना : अशा खेळांत मार्गाचे जाळे सांधे आणि त्यांना जोडणारे तुकडे यांचे बनलेले असते. प्रत्येक तुकड्यावर एक अदृश्य मार्गरेषा असते, तिला धरून वाहन सरकते आणि वाहनाची आकृती सामान्यतः या रेषेच्या वर काढलेली असते. लोंबत्या मोनोरेलसाठी हा क्रम उलटा करावा लागतो. मार्गरेषा तुळईच्या उंचीवर ठेवून डब्याची आकृती तिच्याखाली उतरवणे हा एक उपाय. रेषा डब्याच्या तळाशी ठेवून तुळईचीच आकृती वर उचलणे हा दुसरा. पहिल्यात तुळई व खांब नैसर्गिक जागी बसतात, पण फलाटाची उंची वेगळी जुळवावी लागते. दुसऱ्यात फलाट सहज जुळतो, पण वळणावर डबा वरच्या टोकाभोवती झुलण्याऐवजी तळाभोवती कलतो आणि टांगलेपणाचा आभास नाहीसा होतो. खांबही मार्गाच्या थेट खाली उभे करता येत नाहीत, कारण ती जागा डब्याची असते. म्हणून ते बाजूला घेऊन उलट्या ‘एल’च्या आकाराचे किंवा कमानीसारखे करतात.

नागपूरचा संदर्भ : नागपूरची प्रतिकृती उभारणाऱ्या खेळाडूला मार्ग कोणत्या स्तरावर न्यावा हा प्रश्न चटकन भेटतो. वर्धा मार्गावरील ३.१४ किमी. लांबीच्या उन्नत रचनेत जमिनीवर रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो आहे. कामठी मार्गावर गड्डीगोदाम येथे मूळचा लोहमार्ग मिळून चार स्तर होतात. मेट्रो उड्डाणपुलाच्या वर चढू शकते, कारण तिला मार्गाच्या वरची जागा लागते. लोंबत्या गाडीला मार्गाच्या खालची जागा लागते. शहरी रस्त्यावर ५.५ मी. मोकळी उंची सोडली आणि डबा व टांगणी मिळून आणखी चार मीटर धरले, तर तुळई साडेनऊ मीटरांच्या आसपास न्यावी लागते. उड्डाणपूल त्याच पट्ट्यात येत असल्याने वर्धा मार्गावर तिला वाव नाही. त्याऐवजी शहराच्या पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या नाग नदीच्या पात्रावर, दोन्ही काठांवर पाय रोवलेल्या कमानींतून तुळई नेण्याची वुपर्टालसारखी मांडणी अधिक सुसंगत ठरते. डबा तुळईखाली असल्याने फलाट आरूढ मोनोरेलपेक्षा खालच्या पातळीवर येतो आणि जिने लहान होतात.

मर्यादा : लोंबत्या मार्गाचे जाळे मेट्रोच्या रुळांना जोडता येत नाही, त्यामुळे नागपूर मेट्रोच्या सीताबर्डीसारख्या अदलाबदल स्थानकात प्रवाशांना उतरून गाडी बदलावीच लागते. वाऱ्याने डबा झुलणे, तो खांबाला घासण्याची शक्यता आणि बंद पडलेल्या गाडीतून प्रवाशांना खाली उतरवणे या बाबी सहसा खेळाच्या हिशेबात नसतात. प्रत्यक्ष अभियांत्रिकीत मात्र मार्गाची व्यवहार्यता त्यांवरच ठरते.